पुढची बाजू

बाक उखडले त्याला आता दोन वर्षं झाली.
खाऱ्या हवेनं नटांना धरलं होतं,
नटांनी फरशीला.
प्रणित खवळेचा काका बोटीच्या इंजिनाचा पाना घेऊन आला,
डिझेलचे चार-चार थेंब सोडले,
फाटकाबाहेर जाऊन एक विडी संपवली,
मग एकेक बाक कुरकुरत सुटला.
आता ते मागच्या पडवीत असतात.
सांचीची आई त्यांच्यावर जाळी वाळत घालते.
देणगीदाराचं नाव अजून वाचता येतं,
चौकोना-चौकोनातून, तुटक.

मी गेवराईकडचा.
इथं बदली होईपर्यंत समुद्र
मी फक्त रंगवून घेतला होता पोरांकडून,
निळ्या खडूनं, रेघेबाहेर न जाता.

खोली एक. इयत्ता चार. मुलं चौदा.
पहिल्या वर्षी प्रत्येक भिंतीला एक इयत्ता लावून दिली
आणि मध्ये उभा राहून फिरत राहिलो
दीपगृहासारखा:
एकीकडे उजेड पडला
की तीन बाजूंना अंधार.

मग जेटीवरचे फुटके क्रेट आले.
पालथे घातले की मेज, उताणे ठेवले की दप्तरं.
कितीही धुवा, बांगड्याचा वास जात नाही;
तपासायला घरी नेलेल्या वह्यांवर
शेजाऱ्यांचं मांजर येऊन बसतं.
सकाळचं ऊन दारातून आत सरकलं
की चौघं सरकतात,
दुपारी खिडकीतून वारा आला की सगळेच.
दुर्वेश तारी चौथीत आहे,
माझ्यासमोर दोन वर्षं ओठ मिटून बसलेला.
तिसरीतली सांची त्याला जोडाक्षरं फोडून देते,
तो तिला उद्याची भरती काढून देतो:
आजच्या वेळेत पाऊण तास मिळव,
आणि वडील ओरडले तर थोडं कमी कर.
मी ऐकत नाहीसं दाखवतो.

एकदा भागाकार घेतला.
चोवीस शिंपले, पाच मुलं.
प्रत्येकी चार, बाकी चार,
पुस्तकातही तेच होतं.
तेवढ्यात पहिलीतली हुमेरा सोलकर
पाटी टाकून रांगत आली
आणि क्रेटच्या कडेवर तिनं हात ठेवला. नुसता हात.
दुर्वेशनं उरलेले चारही
तिच्याकडे ढकलले.
"अरे, ती गणितात नाही," मी म्हणालो.
"रापणीत जेनी दोराक हात लावलो, तेका वाटो, सर."
सगळ्यांनी माना हलवल्या,
जणू मला सोडून हे सगळ्यांनाच येत होतं.
फळ्यावरच्या पाचाचा मी सहा केला.
बाकी शून्य.
आणि हुमेरानं एक शिंपला तोंडात घातला,
म्हणून पुढचा तास वाया गेला.

श्रावणात केंद्रप्रमुख आले.
उंबऱ्यात थांबून चष्मा पुसला.
कुणाची पाठ त्यांच्याकडे, कुणाचे पाय,
दोघं खिडकीत, एक फळ्याखाली आडवा,
आणि मी कुठेच नाही,
म्हणजे होतो, क्रेटवर,
सांचीकडून गाठ शिकत.
"गुरुजी, या वर्गाची पुढची बाजू कोणती?"
मी उठेपर्यंत प्रणितनं सांगून टाकलं:
"वारो येता थंय."

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
त्यांना एक क्रेट दिला.
बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले,
मग पँट सावरून टेकले.
हुमेरानं त्यांच्यासमोर चार शिंपले मांडले.
का, ते तिलाच ठाऊक.

शेरेबुकात त्यांची ओळ आहे:
"बैठक व्यवस्थेत सुधारणा करावी."
खाली सही, तारीख,
आणि कोपऱ्यात
ओल्या बोटाचा एक लहानसा ठसा.
तो कुणाचा, मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी कुलूप लावताना
मी अजून खुर्ची शोधतो.
आज ती दाराबाहेर होती,
समुद्राकडे तोंड करून.
बसलो.
दुर्वेशच्या हिशेबानं भरतीला दहा मिनिटं होती.
माझ्या घड्याळात बारा.